मोडीचा भाव

'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आज आपण माणसांना, संस्थांना आणि प्रसंगी मंत्रिमंडळांनाही लावतो. परंतु ज्या काळी तो रूढ झाला त्या काळी मोड या शब्दाला तुच्छतेचा वास नव्हता, तो निव्वळ व्यवहाराचा शब्द होता. तळ झिजलेले पातेले, कान तुटलेली परात, पोच्यांनी बेढब झालेली घागर तांबटाच्या दुकानी न्यावी, ती तागडीत पडावी, तिच्या वजनाचे पैसे मोडीच्या भावाने नव्या भांड्याच्या किमतीतून वजा व्हावेत आणि वरची रक्कम रोख मोजून गृहस्थाने नवे भांडे घेऊन घरी यावे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. सोनाराच्या पेढीवरही हीच रीत होती. पुतळ्यांची माळ मोडून पाटल्या होत, पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या होत, आणि एकच सोने चार पिढ्यांच्या अंगावर चार रूपांनी मिरवे. अशा समाजाच्या भाषेत 'कचरा' हा शब्द होता खरा, पण त्याची व्याप्ती फार लहान होती. ज्या वस्तूला कोणी गिऱ्हाईकच उरले नाही तेवढाच कचरा. बाकी सर्व मोड, रद्दी, चिंधी, भंगार, राख, शेण आणि खत, आणि या प्रत्येकाचा घेणारा निराळा, येण्याची वेळ निराळी व भावही निराळा.

माझ्या आजोळचे एक पितळी घंगाळ मी असे मोडीत निघताना पाहिले आहे. त्याच्या तळाला दोनदा डाग देऊन झाला होता. तिसऱ्यांदा डाग धरीना, तेव्हा आजी मला बरोबर घेऊन पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत गेली. आळीत शिरण्यापूर्वीच ठोक्यांचा नाद कानांवर येऊ लागे, आणि आत गेल्यावर तो इतका वाढे की गिऱ्हाईक आणि दुकानदार यांची घासाघीस निम्मी हातवाऱ्यांनीच चाले. दुकानदाराने घंगाळ उलटे केले, बोटाच्या पेराने वाजवून पाहिले, कड्यांचे लोखंडी खिळे छिनीने उडवून बाजूस टाकले, कारण लोखंडाला पितळेचा भाव द्यावयास तो बांधलेला नव्हता, आणि तागडीत वजन झाल्यावर डागाच्या कथलाची घट म्हणून अदपाव वजा धरीन असे सांगितले. आजी म्हणाली, "डाग तुमच्याच आळीत दिलाय. तेव्हा त्याचे पैसे घेतलेत, आता त्याचीच घट कापता होय?" तो हसून म्हणाला, "आजी, भट्टीत गेल्यावर ते कथील मला परत मिळणार आहे का?" शेवटी निम्म्या घटीवर तोड निघाली. घंगाळाच्या काठाखाली आजीच्या सासूबाईंचे नाव कोरलेले होते. आजीने त्यावरून एकदा अंगठा फिरविला, "घ्या" म्हणाली, आणि नवे घंगाळ पसंत करून झाल्यावर नावे घालणाऱ्याला तेच नाव जसेच्या तसे घालावयास सांगितले.

ही आळी पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांनी वसविली. पुढे विलायती पत्रा मुंबईच्या बंदरातून येऊ लागला तरी घरोघरची मोड आळीत येतच राहिली. तांब्याला सुतक नाही, ते कितीदाही वितळते. कालचा हंडा आजचा बंब होतो आणि बंबाची उद्या कळशी होते. पुण्याच्या एखाद्या जुन्या घरातील तपेलीत थोरल्या माधवरावांच्या काळचे तांबे मिसळलेले असणे अगदीच असंभवनीय नाही. पण ते ओळखण्याची खूण कोणापाशी नाही, आणि मला वाटते, या धंद्याचा इतिहास लिहिण्यातली खरी अडचणही हीच. राजवाड्यांचे अवशेष उरतात. ज्या वस्तू पुनःपुन्हा नव्या होतात त्यांचा अवशेष मागे राहत नाही.

येथे एका शब्दाची गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मोडक्या धातूच्या सामानाला आपण भंगार म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या मराठीत मात्र 'भांगार' म्हणजे सोने, गोव्याच्या कोंकणीत 'भांगर' म्हणजे आजही सोनेच, आणि कानडीतला 'बंगार'ही त्याच घरचा. दोन्ही शब्दांची कुळे वेगळी असतील. भंगार हा संस्कृत भंगाच्या गोत्रातला दिसतो. तरीही सोन्याचे नाव व मोडीचे नाव एका मात्रेच्या अंतरावर यावे, आणि ते ज्या प्रदेशात दोन्ही वस्तू एकाच तागडीत तोलल्या जात त्याच प्रदेशात यावे, हा योगायोग मला तरी अर्थपूर्ण वाटतो.

धातूपेक्षा कापडाचा प्रवास अधिक लांबीचा. नऊवारी लुगडे प्रथम सणासुदीला, मग रोजच्या नेसणीला. विरले की जीर्ण भाग कापून दोन चांगले तुकडे दांडाने जोडावयाचे. दांडही फाटला की त्याचे लंगोट, झबली, दुपटी. उरलेल्याची गोधडी, आणि गोधडीतही थरांचा क्रम ठरलेला, जीर्ण आत आणि मऊ वर. गोधडी फाटली की तिचे पोतेरे होई, आणि पोतेऱ्याचाही लगदा झाला की त्याचा बोळा दिव्याच्या काचा पुसण्यास वा न्हाणीची मोरी बुजविण्यास लागे. ज्या कापडाला घरात काम उरले नसेल, पण ज्याचा जीव अद्याप शाबूत असेल, त्याच्यासाठी दुपारच्या निवांत वेळी बोहारीण येई. तिच्या टोपलीत चकचकीत भांडी असत व पाठीवर गाठोडे असे, ती ओट्यावर बसे, पाणी मागून घेई, एकेक कपडा उजेडात धरून त्यातली विरविरीत जागा नेमकी शोधून काढी, आणि मग "या चार धोतरांवर काय येणार बाई? आणखी एखादी पैरण टाका, म्हणजे हा डबा देते" येथून दीड तासाच्या तहाला आरंभ होई. हा तह मोडला असे वाटून ती टोपली उचलून दारापर्यंत जाई आणि हाकेची वाट पाहत पायरीवर रेंगाळे; हाक येई, कारण ती येणारच हे उभय पक्षांस ठाऊक असे. तिने नेलेले कपडे धुऊन, शिवून जुन्या बाजारात पुन्हा विकले जात आणि अगदीच कामातून गेलेले चिंधीच्या भावाने कारखान्यांकडे यंत्रे पुसण्यास जात. पैठणीच्या जुन्या काठांचे गिऱ्हाईक तर स्वतंत्रच होते. खऱ्या जरीत चांदीची तार असे. काठ जाळला की रेशीम जाई आणि चांदी मागे राही, तेवढ्यासाठी जुनी जर विकत घेणारे गल्लोगल्ली हिंडत. कित्येक घराण्यांतील पणजीची पैठणी अशी चुलीत गेली. नातसुना आज त्याबद्दल हळहळतात, पण त्या दिवशी घरात पैशाची निकड काय होती हे त्या पैठणीलाच ठाऊक.

चिंध्यांचा सर्वांत सन्मान्य शेवट मात्र कागदात होत असे. जुन्नरचा कागद मराठ्यांच्या दफ्तरात नावाजलेला होता. दौलताबादनजीकच्या कागजीपुऱ्यात महंमद तुघलकाने राजधानी तेथे हलविली त्या वेळी आलेले कागदी स्थायिक झाले अशी परंपरा सांगतात. खानदेशात एरंडोल याच धंद्यासाठी प्रसिद्ध होते. या सर्व ठिकाणी कागदाचा कच्चा माल म्हणजे दुसऱ्या कोणीतरी टाकून दिलेली वस्तू: तागाचे जीर्ण गोणपाट, झिजलेली दोरखंडे, चिंध्या आणि वापरलेला जुना कागदही. हे सारे कापून, भिजवून, चुन्यात मुरवून पायाने चालविण्याच्या ढेकीखाली दिवसचे दिवस कुटीत. नदीच्या वाहत्या पाण्यात, म्हणजे जुन्नरला कुकडीच्या पाण्यात, धुऊन पुन्हा कुटीत. आणि तो लगदा हौदातील पाण्यात कालवून कागदी त्यात गवताच्या काड्यांची चाळण बुडवून अलगद वर उचली. त्या उचलण्यातच सारे कसब. हात किंचित कलला तर ताव एका अंगाला जाड होई, किंचित थबकला तर त्यात गाठ पडे. चाळणीवरचा ओला ताव काढून, दाबून पाणी घालवून, गुळगुळीत सारवलेल्या भिंतीवर वाळत लावीत. वाळला की खळ देत, म्हणजे शाई फुटत नसे, आणि अखेर फळीवर अंथरून गोट्याने घोटून त्यावर तकाकी आणीत, म्हणजे बोरूचे टोक अडखळत नसे. एवढा प्रपंच होऊन तयार झालेल्या तावावर कारकुनाने मोडीत हुकूम लिहावा, आणि ते कागद दफ्तरात कापडाच्या चौकोनी तुकड्यात, म्हणजे रुमालात, बांधून फळीवर ठेवावेत. जुन्या कापडाचा कागद आणि त्याला पुन्हा कापडाचेच आच्छादन! पुण्याच्या पेशवे दफ्तरातील हजारो रुमाल अशा रीतीने शेवटी चिंध्यांचेच भांडार आहे असे म्हटले तर संशोधक रागावतील. परंतु त्या चिंध्या इतक्या टिकाऊ निघाल्या की लाकडाच्या लगद्यावर छापलेली कालपरवाची वर्तमानपत्रे पिवळी पडून चुरत असताना दोनशे वर्षांमागचे जमाखर्च आजही हातात घेता येतात.

पण हेच कागद रद्दी होण्याचे भयही तितकेच मोठे होते. 'रद्दी' हा शब्द आपल्याला अरबीतून फारसीमार्गे मिळाला. रद्द झालेले ते रद्दी. मराठी राज्य गेल्यावर वतनदारांच्या वाड्यांतील दफ्तरे रद्द ठरली आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांतील बरीच वाण्याला पुड्या बांधण्यास घातली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे आयुष्यभर गावोगाव पायपीट करून माळ्यांवरची गाठोडी सोडविली, ती हिंगजिऱ्याच्या पुडीशी शर्यत लावूनच. एकच वस्तू वाण्याच्या दृष्टीने पुडी, कागद्याच्या दृष्टीने लगदा आणि राजवाड्यांच्या दृष्टीने साधन; तिची किंमत ठरणार ती आधी कोण पोहोचतो यावर. सगळ्याच वस्तू वितळवून नव्या कराव्यात असे म्हणणाऱ्यांना इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढी एक हरकत नोंदवून ठेवावयास हवी.

यंत्राचा कागद आल्यावर जुन्नरच्या ढेक्या एकामागून एक थांबल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात जे उद्योग उभे राहिले त्यांत कागदाची गिरणीही होती, गव्हर्नर रे यांच्या नावाची. स्वदेशीची पहिली हाक आणि कागद्यांच्या धंद्याचा अस्त एकाच सुमारास व्हावा यातला विरोध तेव्हा फारसा कोणाला बोचला नाही. तो बोचला पुढे गांधीजींना. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पांनी त्याची धुरा घेतली आणि हातकागद हा त्याच्या मुख्य उद्योगांपैकी एक ठरला. स्वतः गांधीजी आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहीत, हे सर्वश्रुत आहे. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था निघाली. तिच्या हौदात शिंप्यांच्या व कापडाच्या कारखान्यांतील कातरणीचा लगदा होऊन त्यातून शुभ्र, जाड ताव उचलले जाऊ लागले. जुन्नरच्या कागद्याला ते पाहून आपलेच पणतू भेटल्यासारखे वाटले असते.

आता झारेकऱ्यांविषयी दोन शब्द, कारण या जमातीचे नाव नव्या पिढीच्या कानांवर आलेले नसेल. सोनाराच्या दुकानातील झाडलोट, बागेसरीतली राख आणि दुकानापुढच्या गटारातील गाळ यांत सोन्याचे कण असतात. कानस घासताना, तार ओढताना, फुंकणी फुंकताना ते उडतात. ही धूळ झारेकरी सोनाराकडून विकत घेत, क्वचित वर्षाचा मक्ताही करीत, नदीकाठी लाकडी परातीत ती पुनःपुन्हा धूत, हलकी माती पाण्याबरोबर सोडून देत आणि तळाशी राहिलेल्या काळ्या गाळात पारा घालून सोनेचांदी बांधून घेत. मग पारा जाळून टाकला की मुगाएवढी गोळी हाती येई. सोनाराच्या उंबऱ्यावरची धूळसुद्धा विकली जाते हे ऐकून आपण त्या काळाच्या काटकसरीचे कौतुक करतो. जळत्या पाऱ्याची ती वाफ झारेकऱ्याच्या छातीत किती गेली असेल याची मोजदाद मात्र कोणत्याही गॅझेटियरात केलेली नाही.

आणि येथे या गतकाळाच्या गौरवगीताचा सूर मला बदलावा लागतो. जुन्या गावगाड्यात काही वाया जात नसे, ही गोष्ट खरी आहे. बैल मेला तर त्याचे कातडे ढोर कमावी, चांभार त्याची मोट शिवी, आणि ती मोट दुसरा बैल विहिरीतून ओढी. शिंगे, हाडे, चरबी, सगळ्याला वाट होती. परंतु तो मेलेला बैल गोठ्यातून ओढून नेण्याचा 'हक्क' महाराचा होता, आणि या हक्काला हक्क म्हणणे म्हणजे फारसी कारकुनी भाषेने मराठी समाजावर केलेला एक क्रूर विनोद होता. कारण जो नाकारण्याची मुभा नाही तो हक्क कसला? बलुत्याच्या यादीत त्याची नोंद होती, वतनाच्या कागदावर शिक्का होता, आणि त्या शिक्क्याने पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाला गावच्या टाकाऊ वस्तूंशी बांधून स्वतःलाही टाकाऊ मानावयास लावले. मोडीला भाव होता. मोड उचलणाऱ्या हाताला नव्हता. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉक्टर आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या कायदेकौन्सिलात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. वतनदारी तत्काळ गेली नाही. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. परंतु ज्या दिवशी माणसांनी ओढावयाचे नाकारले त्या दिवशीच त्या निर्दोष दिसणाऱ्या काटकसरीचा खरा जमाखर्च गावाच्या चव्हाट्यावर मांडला गेला.

शहराने याच कामाला निराळे नाव दिले. मुंबईत झाडूवाल्याला हलालखोर म्हणत. कष्टाचे, धर्माला मान्य असलेले अन्न खाणारा असा त्याचा शब्दार्थ, आणि व्यवहारातला अर्थ नेमका उलटा. १८८८ च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यात पाणीपट्टीच्या जोडीला हलालखोर-कर या नावाची पट्टीच होती. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही: पालिकेच्या नोकरांनी गोळा केलेला कचरा ही पालिकेची मालमत्ता ठरली. सोनाराची धूळ झारेकऱ्याची, जुने लुगडे बोहारणीचे, शेण शेतकऱ्याचे, असे ज्या वस्तूंना शेकडो धनी होते त्यांना आता एकच धनी मिळाला. आणि या नव्या धन्याला त्या मालमत्तेचे काय करावे ते ठाऊक नव्हते, म्हणून तो ती पुरीत सुटला. भायखळा आणि महालक्ष्मीकडील सखल खलाट्या शहराच्या झाडलोटीने बुजविण्यात आल्या होत्याच. पुढे जागा अपुरी पडू लागली तेव्हा कुर्ल्याहून चेंबूरकडे लोहमार्ग टाकण्यात आला तो प्रारंभी कचरा वाहून नेण्याकरिता, आणि उतारूंसाठी तो खुला झाला १९२४ साली, म्हणजे त्या मार्गावर आधी कचऱ्याने प्रवास केला आणि मग माणसांनी. १९२७ साली, ज्या वर्षी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले गेले त्याच वर्षी, देवनारची कचराभूमी सुरू झाली. एका बाजूने गावाचा टाकाऊ भार वाहणारे हात मोकळे होऊ पाहत होते, दुसऱ्या बाजूने शहर आपल्या टाकाऊ वस्तूंचा डोंगर रचावयास आरंभ करीत होते.

तिसरी वाट कोणी दाखविलीच नाही असे मात्र नाही, आणि ती होळकरांच्या इंदुरात दाखविली गेली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ पासून १९३१ पर्यंत तेथील संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली रसायनाचे काम पाहणारे यशवंत वाड हे सहकारी होते, आणि १९३१ च्या ज्या पुस्तकाने 'इंदूर पद्धत' जगभर गेली त्यावर हॉवर्डांच्या जोडीने वाडांचेही नाव आहे. पद्धत साधीच: पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोठ्यातील मुतारीची माती आणि राख यांचे थर, ठरल्या दिवसांनी तीन वेळा चाळवणी, पुरेसे पाणी आणि हवा, तीन महिन्यांत खत तयार. हॉवर्डांनी मोकळेपणाने कबूल केले होते की पौर्वात्य शेतकऱ्यांकडून, विशेषतः चिनी शेतकऱ्यांकडून, आपण बरेच शिकलो. त्या पद्धतीने पश्चिमेत सेंद्रिय शेतीच्या चळवळीला चालना दिली. इकडे कित्येक नगरपालिकांनी कंपोस्टचे खड्डे खणले, त्यांत पुढे काच आणि पत्रा येऊ लागला, शेतकऱ्यांनी ते खत नाकारले आणि खड्डे बुजले. ओला आणि सुका वेगळा ठेवणे एवढीच अट होती. ती आम्ही अजून पाळीत नाही.

प्लॅस्टिक आल्यावर जुन्या तागडीचा तोलच गेला. पितळेच्या मोडीला भाव होता म्हणून ती दारापर्यंत मागावयास येत. प्लॅस्टिकच्या पिशवीला इतका अल्प भाव की ती दारी कोणी मागेना, ती उकिरड्यावरच वेचावी लागे. हे वेचण्याचे काम कोणाच्या वाट्यास आले हे सांगण्यास समाजशास्त्रज्ञाची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि सोलापूर-नगरच्या बाजूने कुटुंबेच्या कुटुंबे पुण्यास आली. त्यांतील दलित समाजाच्या स्त्रिया पहाटे पोते घेऊन कचराकुंड्यांकडे निघू लागल्या. वतनाचा कागद जळून गेला होता, पण काम तेच हात शोधीत आले. तरी या वेळी फरक होता. हे काम कोणी त्यांच्यावर लादलेले नव्हते. ते त्यांनी पोटासाठी स्वतः शोधलेले होते, आणि म्हणून त्याचा भाव मागण्याचा अधिकारही त्यांना आपला वाटू लागला. १९९३ च्या मे महिन्यात पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली, आठशेहून अधिक स्त्रीपुरुष जमले, आणि डॉक्टर बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. हमाल पंचायत आधी उभी केलेल्या माणसाला हे ठाऊक होते की पहिली मागणी पैशाची नसते, ओळखीची असते. तेव्हा कचरा उपसणाऱ्या बाईला कोणीही चोर म्हणू शके, शिपाई तिचे पोते ओतून घेऊ शके. पंचायतीने प्रथम ओळखपत्र मागितले, आणि त्या दशकाच्या मध्यास पुणे महानगरपालिकेने ते मान्य केले. पंचायतीने भंगाराची आपली दुकानेही काढली, जेथे तागडी कोणाच्या बाजूने झुकते हे सभासदांना दिसे. पुढे 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था निघाली व २००८ साली पालिकेशी तिचा करार झाला: बायांनी घरोघरी जाऊन कचरा घ्यावा, घरटी ठरलेली रक्कम महिन्याला मिळावी, आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे उत्पन्न त्यांचेच राहावे. कायद्याने पालिकेची मालमत्ता ठरलेली वस्तू अशा रीतीने पुन्हा गिऱ्हाइकाच्या हाती आली. फक्त या वेळी उचलणाऱ्या हाताच्या मजुरीचा रकाना हिशेबात स्वतंत्र घातलेला होता. आणि तरीही तो रकाना भरताना एका महिन्याचे थोडेसे रुपये चुकविण्यासाठी चांगल्या चांगल्या सोसायट्यांच्या सभांत जी वक्तृत्वे होतात, ती ऐकून आजीची अदपाव घटीवरची घासाघीस मला फार सात्त्विक वाटू लागते.

आमच्या इमारतीत ज्या मावशी येतात त्या जिन्याखालच्या मोरीशेजारी एक ताडपत्री अंथरून निवड करतात. पुठ्ठा एका बाजूला, पांढरा कागद निराळा, वर्तमानपत्र निराळे. दुधाच्या पिशव्या धुऊन. कडक प्लॅस्टिक वेगळे. पाण्याच्या साऱ्या बाटल्यांना, कारखाना कोणताही असो, त्यांच्या भाषेत 'बिसलेरी'. डोळे दुसरीकडे असले तरी बोटे चुकत नाहीत. पिशवी चुरगाळली की तिच्या आवाजावरूनच ती कोणत्या पोत्यात जाणार हे त्यांना कळते, आणि तांबट आळीत घंगाळावर वाजलेले ते पेर मला आठवते. परवा त्यांच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली होती. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "काल ओल्यात ग्लास फुटल्याली व्हती. काचंला तसाबी भाव न्हाई आता, निस्तं वझं. पर एवढं सांगा समद्यांना, दादा, काच फुटली तर पेपरात बांधून येगळी ठेवा. पिशवीत न्हाई टाकायची."

तेवढे येथे सांगून ठेवतो.